कॉन्ट्रा आता का जमत नाही?

'पूर्वी कोणता गेम आवडायचा, आता कोणता आवडतो?' असं गेल्या अंकात विचारलं होतं. उत्तरं कमी आली, तक्रारीच जास्त. जुना गेम लावला तर मजा येत नाही, नवा घेतला तर पुढे सरकत नाही, डोकं गरगरतं, पोरं हरवतात. 'आवड बदलली' असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांची आवड खरं तर जागेवरच आहे. बदललाय तो टीव्ही, हाताशी असलेला वेळ, चष्म्याचा नंबर आणि शेजारी बसून खेळणारी माणसं. यातलं बरंच काही दुरुस्त करता येतं. जे येत नाही, तेही आडपडदा न ठेवता लिहिलं आहे.

प्रश्न : लहानपणी टीव्ही गेमवर कॉन्ट्रा, टँक आणि बदकं मारायचा गेम खेळायचो. आता तसाच नवा डबा घेतला, दोन रिमोट आणि बंदुकीसकट. बंदूक अजिबात चालत नाही आणि कॉन्ट्रात उडी उशिरा बसते. डबा खराब आहे की माझं वय झालं? (नाशिक, वय ४४)

दोन्ही नाही. दोष टीव्हीचा आहे.

आधी बंदुकीचं बघू. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक सेन्सर असतो. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. आधी काळं, मग पांढरं, असं ठरलेल्या वेळेत दिसलं तरच नेम लागला असं धरतात. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकापाठोपाठ येतात आणि कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. (काळा पडदा मुद्दाम आहे. तो नसता तर पोरांनी बंदूक ट्यूबलाइटकडे धरून सगळी बदकं पाडली असती.) जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, ताणतो, मग दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ निघून गेलेली असते. शिवाय बऱ्याच बंदुका ट्यूबच्या विशिष्ट लुकलुकीलाच दाद देतात. त्यामुळे नव्या टीव्हीवर ही बंदूक कोणत्याही सेटिंगने चालणार नाही. विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही. जुना ट्यूबचा टीव्ही मिळाला तरच ती चालेल.

उडीचं मात्र सुधारता येतं. गेम मोड बंद असलेला टीव्ही चित्र दाखवायला सहज १०० मिलिसेकंद घेऊ शकतो. तुमचा डबा सेकंदाला ५० चित्रं देत असेल तर हा उशीर पाच चित्रांचा झाला. कॉन्ट्रात गोळी चुकवताना तेवढाही उशीर महागात पडतो. हे करून बघा:

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो एव्ही इनपुटसाठी (डबा जोडतो त्या जोडणीसाठी) वेगळा चालू करावा लागतो. एचडीएमआयला चालू केला म्हणजे एव्हीलाही झाला असं नाही. चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर मारिओ जाडा दिसतो. एवढं करूनही थोडा उशीर उरेल, कारण हे डबे निम्म्या ओळींचं सरळ चित्र पाठवतात आणि नवा टीव्ही त्याला एकाआड एक ओळींचं अर्धंच चित्र समजून दोन चित्रं जुळवत बसतो.

बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळ्या-पांढऱ्या पिनेची भोकं नसतात, हेडफोनसारखी एकच ३.५ मिमीची एव्ही खाच असते. तिची केबल बाजारात चार टप्प्यांच्या पिनेची मिळते, पण टप्प्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. स्पीकरमधून घर्रर्र आवाज येतोय आणि चित्र नाही, असं झालं तर केबल फेकू नका. पिवळी पिन काढून लाल किंवा पांढऱ्या भोकात लावून बघा, बहुधा चित्र येतं.

अडॅप्टर डब्यावर लिहिलेल्या व्होल्टचाच (बहुधा ९) वापरा आणि त्यावरची अधिक-उणेची खूण डब्यावरच्या खुणेशी ताडून बघा. १२ व्होल्टचा लावला तरी गेम सुरू होतो, पण आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर जादा व्होल्टेजची उष्णता करून तापत राहतो आणि अर्ध्या तासात पडद्यावर रेघा येतात.

आणि हो, '९९९९ इन वन' लिहिलेल्या पट्टीत (डब्यात घालायच्या गेमच्या कॅसेटमध्ये) पंधरा-वीसच गेम असतात. तेच पुढच्या लेव्हलपासून सुरू करून वेगळ्या नावाने मोजलेले असतात. टँक म्हणजे नामको कंपनीच्या १९८५च्या बॅटल सिटीचं रूप. दोघांनी मिळून गरुड राखण्याचा तो गेम आजही तितकाच रंगतो, कारण त्यात चपळाईपेक्षा वाटणी महत्त्वाची: एकाने गरुडापाशी थांबायचं, दुसऱ्याने वर जायचं. कॉन्ट्रासाठी सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए, स्टार्ट. तीस लाइफ मिळतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यात लाज कसली!

प्रश्न : कॉलेजच्या काळातल्या सीडी जपून ठेवल्यात : नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड, एज ऑफ एम्पायर्स २. विंडोज ११ वर एकही चालत नाही. आणि प्रिन्स ऑफ पर्शिया कुठे मिळालाच तर चालेल का? (पुणे, वय ३८)

सीडी बहुधा चांगल्याच असतील. त्या काळच्या अनेक सीडींवर सेफडिस्क नावाचं नकलविरोधी कुलूप असायचं. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या आत खोलवर बसायचा आणि सुरक्षेला धोका म्हणून २०१५ साली विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने तो बंद केला. म्हणून इन्स्टॉल होतं, पण आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की काहीच होत नाही. 'कंपॅटिबिलिटी' (जुन्या विंडोजसारखं चालवायचं सेटिंग) बदलून उपयोग नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ साठी नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेली डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, सवलतीच्या दिवसांत स्वस्त पडते. मोस्ट वॉन्टेडचं अवघड आहे. ऑनलाइन दुकानात त्याच नावाचा गेम दिसतो तो २०१२ सालचा आणि पूर्ण वेगळा. नाव वाचून घाईने घेऊ नका. २००५चा खेळायचा असेल तर सरळ मार्ग म्हणजे विंडोज एक्सपीचा जुना संगणक, इंटरनेट न जोडता, फक्त गेमसाठी. माळ्यावर पडलेला असेल तर फेकू नका.

प्रिन्स मात्र सगळ्यात सोपा. डॉसबॉक्स हा जुने डॉस गेम चालवणारा मोफत प्रोग्रॅम घाला. गेमची फाइल 'सी' ड्राइव्हवर 'गेम्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. डॉसबॉक्स उघडून 'माउंट' आज्ञेने तो फोल्डर 'सी' म्हणून जोडा, मग त्यात जाऊन 'प्रिन्स' टाइप करा. पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. वेग जुळत नसेल तर कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त. गेमला तासाभराची मुदत आहे. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबलं की सेव्ह होतं, हे त्या काळी बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. 'प्रिन्स मेगाहिट' ही चीट चालू करायची आज्ञा मात्र सगळ्यांना ठाऊक होती.

प्रश्न : सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये मला कोणी हरवत नव्हतं. आता काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कॉलेजची पोरं दोन सेकंदांत उडवतात. नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटरही घेतला. वयाने हात खरंच मंदावतात का? (कोल्हापूर, वय ४१)

मंदावतात, आणि वाटतं त्याच्या फार आधीपासून. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली स्टारक्राफ्ट २ हा डावपेचांचा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या. नवं काही दिसल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ साधारण चोविसाव्या वर्षापासून वाढत जातो, असं त्यांना आढळलं. पण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. वयाने मोठे खेळाडू सोपे डाव आखून आणि शॉर्टकट वापरून ही कसर काही प्रमाणात भरून काढत होते. तुम्हालाही तेच करायचं आहे.

त्याआधी मॉनिटर तपासा. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर आणून वर्षभर ६० वरच वापरणारे कमी नाहीत, कारण विंडोज तो आपोआप वाढवेलच असं नसतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट १४४ निवडा. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल जुनी आहे किंवा ती ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत लावलेली आहे.

माउसचा वेग ही दुसरी चूक. कॅफेत माउसपॅड हातरुमालाएवढा असायचा, म्हणून वेग भरमसाट ठेवायची सवय लागली. माउसचा डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो किती ठिपके मोजतो) ८०० आणि गेममध्ये सेन्सिटिव्हिटी १.२५ ठेवा; पूर्ण गोल फिरायला माउस सुमारे ४२ सेंटिमीटर सरकवावा लागेल. पहिले आठ दिवस खांदा दुखेल आणि चिडचिड होईल. नंतर नेम मनगटावरून कोपरावर जातो आणि थरथर कमी होते. मोठा पॅड मात्र हवाच.

मग भूमिका बदला. दार उघडताच आत घुसणं वीस वर्षांच्या पोरांना द्या. डस्ट टू या जुन्या मॅपचे कोपरे तुम्हाला तोंडपाठ आहेत. दोन-तीन नेमके धूर-बाँब आणि झगमगाटाचे बाँब कुठून कसे फेकायचे ते रिकाम्या मॅपवर बसवून घ्या, जागा धरून बसा, सोबत्यांना शत्रू कुठून येतोय ते सांगा. कॅफेतला सगळा आरडाओरडा हेच तर काम करायचा.

आणि हरण्याचाच कंटाळा आला असेल तर एज ऑफ एम्पायर्स २ या गाव वसवून सैन्य उभारायच्या गेमकडे वळा. इथे चाळिशीतल्या माणसाला खरोखर जागा आहे. एक गावकरी ५० अन्नाचा, २५ सेकंदांत तयार होतो. टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं राहिलं की जवळजवळ पाच गावकरी बुडाले, आणि नवखे इथेच हरतात, लढाईत नव्हे. सुरुवातीला दोन गावकरी घर बांधायला (२५ लाकूड), एक दुसऱ्या घराला, घोडेस्वार मेंढ्या शोधायला. पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, मग एकाने रानडुक्कर टाउन सेंटरपाशी ओढून आणायचं. डुकराला दोन बाण मारून पळायचं असतं. मारणारा एकटाच उभा राहिला तर मेला. म्हणून ५० सोन्याची 'लूम' (गावकऱ्यांना बळकट करणारी सुधारणा) आधी घेतलेली बरी. ५०० अन्न जमलं की पुढचं, म्हणजे फ्यूडल युग. बोटांना गावकरी बनवायची जुनी एच-सी बटणं आठवत असतील. डेफिनिटिव्ह एडिशनच्या मूळ मांडणीत टाउन सेंटरसाठी एच आणि गावकऱ्यासाठी क्यू. रिकामा बसलेला गावकरी पूर्णविरामाच्या बटणाने सापडतो. एकट्याने खेळताना वेग १.७ वरून १.५ वर आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : घरी दोन वर्षांचं मूल, नोकरी. रात्री चाळीस मिनिटं मिळतात. सेलमध्ये मोठेमोठे गेम घेतले, एकही संपला नाही. प्रत्येक वेळी कुठे होतो तेच आठवत नाही. (ठाणे, वय ३४)

गेम निवडताना ग्राफिक्स बघतात, गोष्ट बघतात, पण सेव्ह कधी आणि कुठे होतं हे कोणी बघत नाही. तुमच्यासाठी तेच पहिलं.

हिशोब करून बघा. विचर ३ ची मुख्य कथा पन्नासेक तासांची आहे. आठवड्यातून चार रात्री चाळीस मिनिटं म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. साडेचार महिने लागतील, तेही मूल एकदाही आजारी पडलं नाही तर. मधे दहा दिवसांचा खंड पडला की बटणंही विसरतात. याउलट पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) पाच-सहा तासांत संपतो, म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं काम. त्यातली लढाई मधूनमधून कंटाळवाणी होते, पण दर थोड्या वेळाने आपोआप सेव्ह होतं आणि भिंती-वाडे-गोपुरं बघत राहावं इतकी चित्रं सुरेख आहेत.

स्टार्ड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये सेव्ह फक्त झोपल्यावर होतं, आणि त्यातला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा. चाळीस मिनिटांत दोन दिवस आरामात, तिसरा अर्धवट. तिसरा सुरूच करू नका, किंवा केला तर सरळ लवकर झोपवा. स्ले द स्पायर या पत्त्यांच्या गेममध्ये एक चढाई तासाभराची असली तरी प्रत्येक खोलीला सेव्ह होतं, बाळ उठलं तर पत्ते टाकून उठा. हेडीसही खोलीगणिक सेव्ह करतो. त्यात 'गॉड मोड' चालू करा: मार २० टक्के कमी बसतो आणि दर मरणामागे आणखी २ टक्के, असा ८० टक्क्यांपर्यंत. यात फसवणूक वाटायचं कारण नाही. तुमच्याकडे सरावाला वेळ नाही, तो गेमने भरून दिला एवढंच.

कन्सोल असेल तर बंद न करता झोपवून ठेवण्याची सोय वापरा, गेम जिथल्या तिथे थांबतो. पण लाइट गेली की ती जागा जाऊ शकते, आणि आपल्याकडे लाइट जाते. म्हणून झोपवण्याआधी हाताने सेव्ह करायचंच. ६०० व्हीएच्या यूपीएसवर टीव्ही आणि कन्सोल नीट बंद करण्यापुरती काही मिनिटं मिळतात, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

'कुठे होतो ते आठवत नाही' याला वही हाच उपाय. थांबताना एकच ओळ लिहायची आणि तीही क्रियापदाने संपणारी: 'पुलापलीकडच्या लोहाराला भेटायचं आहे.' 'तिसरं प्रकरण' असं लिहिलंत तर पुढच्या वेळी काही उपयोग होत नाही.

आणि सेलमधली खरेदी. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. घेतल्या दिवशी खेळायला वेळ नसेल तर घेऊ नका. वर्षभराने उघडलेला गेम परत होत नाही.

प्रश्न : वुल्फेन्स्टाइन, डूम तासन्‌तास खेळायचो. आता 'फर्स्ट पर्सन', म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये दहा मिनिटांत मळमळतं. (सातारा, वय ५२)

डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो खुर्चीत बसलोय. त्या भांडणात पोट ढवळतं. 'फील्ड ऑफ व्ह्यू' (पडद्यावर किती रुंद दृश्य दिसतं तो कोन) हे सेटिंग शोधा. सोफ्यावरून टीव्हीसाठी बनवलेल्या गेममध्ये ते ६०-७० वर असतं. तुम्ही मॉनिटरला नाक लावून बसता तेव्हा ते ९० ते १०० हवं. जुना डूम ९० वरच होता. मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट होणं), कॅमेरा हलणं, चालताना डोकं वरखाली होणं, हे तिन्ही बंद. चित्रं सेकंदाला ६० च्या खाली अडखळत असतील तर ग्राफिक्स उतरवा. खोलीत दिवा लावा, अंधारात खेळू नका. पहिली मळमळ जाणवली की लगेच थांबा. 'जाईल थोड्या वेळाने' म्हणून रेटलं तर संध्याकाळ वाया जाते. दहा मिनिटांनी सुरुवात करून हळूहळू वाढवा. गेम न खेळताही गरगरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

मजकूर वाचता येत नसेल तर सबटायटल मोठी करायची सोय आधी शोधा. ती नसलेला गेम पन्नाशीत घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, दिवसभर मोबाइलवर लुडो आणि कँडी क्रश. त्यांना काही 'चांगला' गेम सुचवा. (छत्रपती संभाजीनगर)

त्यांनी विचारलंय का? नसेल तर राहू द्या. फक्त प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय चालू करा, आणि पैसे लावून खेळायचं कोणतंही ॲप फोनवर राहू देऊ नका. बुद्धिबळ येत असेल तर लिचेस हे ॲप मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. पाच मिनिटांचे डाव नकोत, पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद असा वेळ निवडून द्या.

प्रश्न : आता खेळत नाही, पण जुना टीव्ही गेम आणि पट्ट्या टाकवत नाहीत. पावसाळ्यात कशा ठेवाव्यात? (रत्नागिरी, वय ४६)

रिमोटच्या वायरी डब्याभोवती गुंडाळू नका, टोकापाशी तुटतात; सैल वेटोळं करून दोऱ्याने बांधा. बॅटरीवर चालणारं जे काही असेल त्यातले सेल आजच काढा. सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या गौरी-गणपतीनंतर बदला. थर्माकोल आणि रबरबँड आत नकोत, दोन्ही प्लॅस्टिकला चिकटतात.

पट्टी लागत नसेल तर फुंकर मारू नका. फुंकरेने लागली असं वाटतं, ते पुन्हा काढून घातल्यामुळे. थुंकीचा ओलावा मात्र तांब्यावर राहतो आणि हिरवट गंज धरतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पट्टीच्या कडेच्या धातूच्या रेघा लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी होईल, ती बदला, पांढरी निघेपर्यंत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ते छोट्या बाटलीत मिळतं. जुनाट डाग असेल तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने, मग पुन्हा अल्कोहोल. पाच मिनिटं वाळू द्या आणि डबा बंद असतानाच पट्टी घाला.